खेळात मजा नसली तर

चि. तुला अनेक आशीर्वाद.

तुझा मेल मंगळवारी आला आणि त्याच रात्री मी तुझा ऊसतोडीवरचा गेम उतरवून घेतला. पहिल्यांदा बसले तेव्हा दीड तास खेळले. दुसऱ्यांदा पंचवीस मिनिटांत थांबले. का थांबले ते पुढे लिहिते, कारण माझ्या मते खरी अडचण तिथे आहे. परीक्षकांनी बोट ठेवलं ती जागा वेगळी आहे.

परीक्षकांचं वाक्य तू जसंच्या तसं पाठवलंस: ‘विषय चांगला आहे, पण यात मजा कुठे आहे?’ आणि त्याखाली मजा आणण्यासाठी करायच्या बदलांची तुझी यादी. प्रत्येक मोळीला नाणी, नाण्यांतून धारदार कोयता, मग चपळ बैल, मग मोठी टायरगाडी, आणि शेवटच्या टप्प्यावर खेळणाऱ्याला मुकादम, म्हणजे तोडणी मजुरांच्या टोळीचा ठेकेदार, होता येणार. तुझ्या आईवडिलांनी चौदा हंगाम उसाच्या फडात काढले. त्यांच्यावरच्या गेममध्ये तू मुकादम होणं हे बक्षीस ठेवते आहेस, तेही एका प्रश्नाला घाबरून. ही यादी फाडून टाक, एवढंच सांगून पत्र संपवता आलं असतं. पण तुला कारण कळायला हवं.

मे महिन्याच्या सुट्टीत तू व्यापार खेळली असशील. जागा घ्यायची, घर बांधायचं, हॉटेल बांधायचं, आणि भाऊ त्या घरावर आला की त्याला कफल्लक करायचं. या खेळाचं मूळ अमेरिकेत आहे. एलिझाबेथ मॅगी या बाईंनी १९०४ साली ‘द लँडलॉर्ड्स गेम’ या नावाने पेटंट घेतलं. हेन्री जॉर्ज या अर्थचिंतकाचे विचार त्यांना पटलेले होते. जमीन मोजक्या हातांत गेली की भाडं भरणारा कसा रिकामा होत जातो, हे लोकांना पटावर दिसावं म्हणून त्यांनी तो केला. तो हातोहात पसरला, लोक आपापल्या परीने नियम बदलत गेले, आणि १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सने ‘मोनॉपोली’ म्हणून बाजारात आणला. मॅगीबाईंना पेटंटचे ५०० डॉलर मिळाले. आज जगभरची मुलं तो खेळतात आणि दुसऱ्याचं दिवाळं काढताना आनंदाने ओरडतात. जी गोष्ट बोचावी म्हणून पट मांडला, तीच गोष्ट मजेची झाली. मजा गोडीसारखी वरून शिंपडता येत नाही गं. ज्या कृतीवर तू बक्षीस ठेवशील तीच कृती खेळणाऱ्याला हवीहवीशी वाटणार आणि गेमचा अर्थही तिच्यामागे जाणार. तुझ्या यादीप्रमाणे गेम झाला, तर खेळणारा पोरगा मुकादम होऊन उचल, म्हणजे मजुरांना हंगामाआधी बांधून घेणारी आगाऊ रक्कम, वाटताना खूश होईल.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. मोबाईल गेम करणाऱ्या एका कंपनीत मी सहा वर्षं होते. तिथल्या बैठकांमध्ये ‘फन’ हा शब्द सतत यायचा आणि त्याचा अर्थ एकच होता: खेळणारा उद्या सकाळी परत येतो का. रोज आला तर बक्षीस, एक दिवस चुकला तर सगळी साखळी तुटणार, अशी रचना मी स्वतः केली. आकडे उत्तम आले. पुढे माझा भाचा तापाने फणफणलेला असताना, साखळी तुटेल म्हणून रात्री बारा वाजता फोन मागायला लागला. गेम माझा होता हे त्याला माहीतही नव्हतं. त्याला त्यात मजा येत नव्हती, फक्त सुटत नव्हतं. या दोन गोष्टी आकड्यांच्या तक्त्यात सारख्याच दिसतात. मी ते काम सोडलं, पण ती साखळी करणारी मी होते, हे विसरलेले नाही.

आता त्या प्रश्नाकडे येते. आपल्या भाषेत खेळ हा शब्द किती ऐसपैस आहे बघ. दशावताराचा खेळ असतो, नाटकाचा दुपारचा खेळ असतो. भोंडल्यात मुली फेर धरतात आणि गाण्यांत सासरच्या जाचाची गाऱ्हाणी असतात. एखादं नाटक पाहून डोळे पुसत बाहेर येणाऱ्याला आपण ‘मजा आली का’ असं विचारत नाही. तो आपणहून सांगतो, भिडलं, अंगावर आलं, चटका लागला. हे सगळे शब्द आपल्याकडे आधीच आहेत. व्हिडिओ गेमच्या बाबतीत मात्र आपण एकाच शब्दावर अडून बसलो. तेव्हा पुढच्या वेळी कुणी विचारलं तर नम्रपणे सांग, मजेसाठी केलेला नाही. पण मग लगेच दुसरा प्रश्न येतो, आणि तो जास्त अवघड आहे: मजेसाठी नाही, तर खेळणाऱ्याने पुढची कळ का दाबायची?

इथे मी पंचविसाव्या मिनिटाला थांबले.

तुझ्या गेममध्ये ऊस तोडायला कळ दाबायची, मोळी बांधायला कळ दाबायची, डोक्यावर घ्यायला दोनदा दाबायची. चाळीस मोळ्या. तू लिहिलंस की कष्ट जाणवावेत म्हणून मुद्दाम असं ठेवलं. मला कष्ट जाणवले नाहीत, कंटाळा आला. पहाटे तीनला उठून, पाचटाने कापलेल्या हातांनी मोळी उचलून, फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईचं शरीर आणि खुर्चीत बसून दाबलेलं बोट, यांत काहीच साम्य नाही. बोट दुखलं म्हणजे मान दुखली असं होत नाही. आणि ती दोनदा दाबावी लागणारी कळ, खरं सांग, आधी चूक म्हणून राहिली आणि नंतर तू तिला अर्थ दिलास ना? मजा नको असणं आणि काम कच्चं असणं यांची गल्लत करू नकोस. विषय गंभीर असला की कच्चेपणा झाकला जातो, म्हणून तिथे दुप्पट कडक राहायला हवं.

लुकास पोप यांचा ‘पेपर्स, प्लीज’ हा २०१३ चा गेम तू खेळली आहेस का? नसशील तर या आठवड्यात खेळ. आर्स्टोट्स्का नावाचा कल्पित देश, साल १९८२, आणि आपण सीमेवरच्या खिडकीतला कारकून. पासपोर्ट घ्यायचा, तारखा, शहरं, फोटो ताडून पाहायचे, शिक्का मारायचा. कागद अर्ध्या स्क्रीनवर मावत नाहीत, एकावर एक येतात, बाहेर रांग वाढते. पैसे मिळतात ते योग्य निकाल दिलेल्या माणसागणिक. दिवसाच्या पहिल्या दोन चुकांना फक्त ताकीद, नंतर दंड. संध्याकाळी हिशोब: भाडं, जेवण, शेगडीची ऊब, आजारी मुलाचं औषध. सगळं पुरत नाही, मग आज काय सोडायचं ते आपणच ठरवायचं.

या गेममध्ये काम कंटाळवाणं आहे, पण खेळणारा कंटाळत नाही. त्याला कागदांतली चूक सापडायला लागते, हात बसतो, आपण हुशार झालो असं वाटतं. आणि तेव्हाच एक नवरा येतो. त्याचे कागद चोख असतात. तो जाताना सांगतो, मागे माझी बायको आहे, तिच्याशी जरा नीट वागा. तिच्याकडे परवाना नसतो. मी पहिल्यांदा खेळले तेव्हा तिला परत पाठवलं, कारण त्या दिवशी माझ्या दोन चुका झालेल्या होत्या. शिक्का मारणारा हात माझा होता. कादंबरी वाचताना मी त्या कारकुनाला दोष दिला असता. इथे दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं. गेमकडे असलेली ही खास ताकद आहे आणि ती मजेवर अवलंबून नाही. निवड आपल्या हाताने होण्यावर अवलंबून आहे.

तुझ्याकडे यापेक्षा जास्त मजबूत सामान आहे, आणि ते तू कोपऱ्यात टाकलंस: मुकादमाची वही. सध्या ती फक्त दिवसाच्या शेवटी चमकून जाते. ती मध्यभागी आण. दसऱ्याला घेतलेली उचल पहिल्या पानावर. रोज किती टन भरले ते मुकादम लिहितो. खेळणारीला स्वतःच्या खुणा स्वतः ठेवू दे, कोळशाने खोपीच्या कुडावर. वीस दिवसांनी दोन्ही आकडे जुळत नाहीत. बोलायचं की गप्प बसायचं? बोललं तर पुढच्या हंगामाला उचल मिळेल का? पोर तापलंय, पण नवराबायको मिळून एकच कोयता मोजतात, एक थांबला की दोघांचा खाडा. वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून आलेले रोखीचे पैसे किराण्याला द्यायचे की दवाखान्याला? हे स्क्रीनवर होऊ शकतं, कारण हिशोब, वाट पाहणं आणि धास्ती या गोष्टी खुर्चीत बसलेल्या माणसापर्यंतही पोचतात. तोडणीच्या चाळीस कळांच्या जागी चार ठेव. बाकीचा वेळ वहीला दे.

एक उदाहरण मात्र जपून बघ. रायन आणि एमी ग्रीन या जोडप्याने त्यांच्या लहानग्या मुलावर, जोएलवर, ‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’ केला. २०१६ मध्ये तो आला तेव्हा जोएल जाऊन जवळजवळ दोन वर्षं झाली होती. दवाखान्याच्या खोलीत पोरगं रडतंय आणि आपण काहीही केलं तरी ते शांत होत नाही, असा एक प्रसंग त्यात आहे. खेळणाऱ्याच्या हातात काही नसणं हाच तिथला अनुभव आहे, आणि तो मला विसरता आलेला नाही. पण अनेकांनी तो विकत न घेता दुसऱ्याने खेळलेला व्हिडिओ पाहून पुरा केला, याबद्दल त्यांनीच पुढे लिहिलं होतं. त्यांचा विषय असा होता की असहायता दाखवणं भागच होतं. तुझा तसा नाही. तुझी आई असहाय नव्हती, ती रोज दहा निर्णय घेत होती. ते निर्णय खेळणाऱ्याला घ्यायला लावलेस, तर नुसतं पाहून कुणाचं भागणार नाही.

आणि हसणं. तुझ्या फडात कुणी हसत नाही हे मला सर्वांत खटकलं. तू लहानपणीच्या गोष्टी सांगायचीस, त्यात रात्री चुलीपाशी बायका मुकादमाच्या चालण्याची नक्कल करायच्या आणि तू हसून हसून झोपायचीस. ते कुठे गेलं? गंभीर गेम करायचा म्हणून तू त्या बायकांचं हसू काढून टाकलंस. मग उरलेली माणसं नुसती दुःखाचे पुतळे झाली. ती नक्कल परत आण, अगदी खेळण्यासारखी कर, खेळणारी खळखळून हसली पाहिजे. परीक्षकांना हवी होती ती मजा ही नव्हे, पण ती खरी आहे. दुसऱ्या दिवशी त्याच मुकादमासमोर मान खाली घालून उभं राहताना तीच मजा छातीत रुतेल.

पैशांबद्दल थोडक्यात: हा गेम फार विकला जाईल असं मला वाटत नाही, नोकरी सोडू नकोस, आणि जाहिराती घालून फुकट देऊ नकोस. तरी धीर सोडू नकोस. वॉर्साच्या ११ बिट स्टुडिओजने वेढ्यात अडकलेल्या सामान्य नागरिकांवर ‘धिस वॉर ऑफ माइन’ केला, सारायेव्होच्या वेढ्याची आठवण मनात ठेवून. पोलंडच्या सरकारने २०२० मध्ये तो शाळांच्या शिफारशीच्या यादीत घेत असल्याचं जाहीर केलं. त्या गेममध्ये एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरातून औषधं चोरता येतात. मी चोरली. नंतर माझी माणसं दिवसभर उठेनात.

पुढची आवृत्ती दोघींना दाखव. जिने फड कधी पाहिला नाही अशा एका मैत्रिणीला, आणि आईला. मैत्रीण कुठे फोन हातात घेते ते मागे उभी राहून बघ आणि तिला काही समजावू नकोस. आईला आग्रह करू नकोस. तिला खेळायचं नसेल तर तिच्या शेजारी बसून तू खेळ आणि वहीचं पान उघडं ठेव. ‘असं लिहीत नाहीत ते’ असं ती म्हणाली की तिथेच थांब आणि ती सांगेल तसं लिहून घे.

कारखान्याचा पट्टा पडेपर्यंतचा, म्हणजे हंगाम संपेपर्यंतचा, भाग झाला की पाठव. कितीही वाजले असले तरी मी त्याच रात्री खेळेन. तुझ्या पहिल्या स्क्रीनवर पहाटेच्या धुक्यात उभा असलेला तो एका शिंगाचा बैल मात्र अजिबात बदलू नकोस.

तुझी,
ताई