माँटेरेत थंडीपेक्षा वजनाची आणि लाटेची काळजी घ्या

दादा, तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचा ओपन वॉटर (पहिल्या पायरीचा) कोर्स झालाय, रोज सकाळी कृष्णेत पोहता, आणि ऑक्टोबरात मुलीकडे कॅलिफोर्नियाला गेलात की माँटेरेच्या ब्रेकवॉटरला (लाटा अडवणाऱ्या बांधाजवळ) किनाऱ्यावरून डाईव्ह करायची आहे. थंडी सोसेल का, असं विचारलंत. मी मिरजेचा, त्या पाण्यात बऱ्याचदा उतरलोय. थंडी सोसेल. पाणी साधारण १० ते १५ अंश असतं, पण ७ मिलिमीटरचा वेटसूट, हूड, ग्लोव्हज आणि बूट तिथे भाड्याने मिळतात.

खरा प्रश्न वजनाचा. सूटचं जाड निओप्रीन (फेसाळ रबर) तुम्हाला वर ढकलतं, म्हणून मालवणपेक्षा कितीतरी जास्त शिसं बांधावं लागतं. १० किलोच्या पुढेही जातं. पण १० मीटरवर दाब दुप्पट होतो, सूट दबतो आणि तेच शिसं खाली ओढायला लागतं. उतरताना बीसीडीत (हवा भरून तरंगायच्या जॅकेटमध्ये) थोडी थोडी हवा भरा, वर येताना वेळेवर सोडा. पहिल्या डाईव्हआधी उथळ पाण्यात वजन तपासाच: बीसीडी रिकामी, नेहमीचा श्वास रोखलेला, पाणी डोळ्यांच्या रेषेत. टाकी भरलेली असेल तर दोन-अडीच किलो वाढवा, कारण शेवटी तेवढी हवा संपलेली असते. दुकानदाराने अंदाजाने दिलेल्या पट्ट्यावर विसंबू नका.

मालवणला आपण बोटीतून उतरतो. माँटेरेत लाटेतून चालत जायचंय. आधी पंधरा-वीस मिनिटं नुसत्या लाटा बघा. मोठ्या लाटा चार-सहाच्या जथ्याने येतात, मग उसंत मिळते, तेव्हाच निघायचं. मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाला देणारं साधन) तोंडात, बीसीडीत हवा. बाहेर येतानाही रेग्युलेटर काढू नका. पाय सुटला तर उठायची धडपड नको, सरळ रांगत या. नदीची ओढ एकाच दिशेला असते, तिथलं पाणी पुढे-मागे हेलकावतं. त्याच्याशी झगडलात तर हवा भराभर संपते.

केल्पची (उंच समुद्री शेवाळाची) झाडी सुंदर आहे, वरून गाळलेला उजेड येतो, समुद्री सिंहही दिसतात. तिच्यात अडकलात तर गर्रकन वळू नका. थांबा, देठ वाकवा. शेवग्याच्या शेंगेसारखा कडकन मोडतो. परतीसाठी भरपूर हवा राखा, म्हणजे पृष्ठभागावरच्या जाळीतून वाट काढण्याऐवजी कंपास धरून खालून येता येईल.

सांगलीतच करण्यासारखं एक काम: बादलीत बर्फ टाका, मास्क न लावता चेहरा बुडवा आणि स्नॉर्केलने शांत श्वास घ्यायचा सराव करा, जवळ कुणीतरी असू द्या. गार पाणी चेहऱ्याला लागलं की दम एकदम वर ओढला जातो. मास्कमध्ये पाणी शिरल्यावर घाबरायला होतं ते बहुधा त्यामुळेच.

आणि कार्मेलजवळच्या मोनॅस्टरी बीचला कुणी आग्रह केला तरी जाऊ नका. जाड वाळूचा तीव्र उतार आहे, पाय ठरत नाही, आणि तिथे अनेक डायव्हर्सचे जीव गेलेत. पहिल्या दिवशी ब्रेकवॉटरलाच स्थानिक गाईड घ्या.