पोस्टग्रेससाठी देश सोडायचा का?

पुण्यात आठ वर्षं पोस्टग्रेस या डेटाबेसचे डीबीए (डेटाबेस सांभाळणारे), हातात म्युनिकच्या कंपनीची ऑफर, बायको शिक्षिका, मुलगी यंदा तिसरीत. युरोपात आलं तर पोस्टग्रेसच्या डेव्हलपमेंटमध्ये शिरणं सोपं जाईल का, मुलीच्या शाळेचं कसं, आणि तिकडे करमतं का, असं तुम्ही विचारलंय. चार ओळींत उत्तर देऊन मोकळी होणार होते. पण ‘मुलगी तिसरीत’ हे शब्द डोक्यातून जाईनात. म्हणून हे लांबलंय.

व्हिसा, ब्लू कार्ड, पगाराची अट, तुमची पदवी ॲनाबिनच्या, म्हणजे परदेशी पदव्यांच्या जर्मन, यादीत बसते का, हे सगळं सरकारी साइट्सवर नीट दिलेलं आहे. त्यात मी शिरत नाही.

आधी कामाचं सांगते, कारण ते सोपं आहे. पोस्टग्रेसच्या जवळ जायला युरोपात यावं लागत नाही. १९८६ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात सुरू झालेला हा प्रकल्प १९९६ पासून पोस्टग्रेसक्यूएल या नावानं चालतोय आणि आज तो कुठल्या एका कंपनीचा नाही, कुठल्या देशाचा तर नाहीच. तुमच्याच पुण्यात एंटरप्राइजडीबी या पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या कंपनीचं ऑफिस आहे आणि तिथे बसून गाभ्यात पॅच (कोडमधले बदल) देणारी माणसं आहेत. कमिटफेस्ट, म्हणजे आलेले पॅच तपासायच्या फेऱ्या, जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्चमध्ये होतात. तुम्ही कोथरूडमध्ये आहात की म्युनिकमध्ये, हे तिथे कुणी विचारत नाही. जो स्वतःचा पॅच देतो त्यानं दुसऱ्याचा तेवढाच अवघड पॅच तपासावा अशी तिथे अपेक्षा असते, आणि सुरुवात तिथूनच करावी असं मला मनापासून वाटतं. कुणाचा तरी पॅच लावा, सगळ्या चाचण्या चालवा, डॉक्युमेंटेशनमध्ये जे लिहिलंय तसंच तो वागतो का बघा आणि जे दिसलं ते स्पष्ट लिहा. डीबीए म्हणून तुम्हाला जे दिसतं ते निव्वळ सी भाषेत कोड लिहिणाऱ्याला दिसत नाही. हे आज रात्रीपासून करता येईल, पासपोर्ट लागत नाही.

मग मला इथे जर्मनीत येऊन काय मिळालं? वेळ मिळाला. पुण्यात मी अमेरिकन ग्राहकांसाठी रात्रपाळी करायचे. सकाळी घरी आल्यावर मुलाचा डबा भरायचे आणि झोपायचे. त्यात पॅच कसला वाचणार? इथे कायद्यानं दोन दिवसांच्या कामामध्ये सलग ११ तासांची विश्रांती असावी लागते. रात्री फेलओव्हर झाला (मुख्य सर्व्हर पडून दुसऱ्यानं काम घेतलं) आणि पहाटे चारपर्यंत बसावं लागलं, तर सर्वसाधारण नियमानं दुपारी तीनच्या आधी मला पुन्हा कामाला बसवता येत नाही. पहिल्यांदा बॉसनं स्वतःहून फोन करून ‘लॅपटॉप बंद कर’ म्हटलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. संध्याकाळ माझी असते. त्या संध्याकाळींमधूनच माझं थोडंफार योगदान झालं.

पण करार नीट वाचा. जर्मन कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या प्रोग्रॅमचे आर्थिक हक्क मालकाकडे जातात, वेगळं ठरलं नसेल तर. तुम्ही पोस्टग्रेसवरच काम करणार, म्हणजे कोणता पॅच नोकरीचा आणि कोणता तुमचा, ही रेघ धूसर. सही करण्याआधी एक वाक्य करारात घालून घ्या: पोस्टग्रेसला, त्याच्या लायसन्सखाली, पॅच देण्याची परवानगी आहे. आधी मागितलं तर सहसा नाही म्हणत नाहीत. नंतर तेच वाक्य तीन विभागांतून फिरतं.

मुलाखतीत ओरॅकलवरून पोस्टग्रेसवर येण्याबद्दल नक्की विचारतील. लायसन्सच्या खर्चाला कंटाळलेल्या मधल्या आकाराच्या कंपन्या इथे खूप आहेत. ओरा-टू-पीजी हे त्यासाठीचं साधन चालवता येतं एवढं सांगून भागत नाही. ओरॅकलमध्ये रिकामी स्ट्रिंग (रिकामा मजकूर) म्हणजेच नल (मूल्यच नाही) आणि पोस्टग्रेसमध्ये नाही, या एका फरकानं किती क्वेऱ्या चुकतात ते उदाहरणासकट सांगता आलं पाहिजे. आणि बॅकअप घेता का असं विचारत नाहीत. शेवटचा रिस्टोअर कधी करून पाहिला आणि त्याची नोंद कुठे आहे, असं विचारतात. ही सवय मला फार आवडते.

एक प्रसंग सांगते. माझ्या आधीच्या नोकरीत सर्व्हरचं लिनक्स बदललं, डेटा डिरेक्टरी तीच ठेवली. दुसऱ्या दिवशी ग्राहक विभागातून तक्रार: ग्राहक डोळ्यांसमोर यादीत आहे, पण नावानं शोधला तर सापडत नाही. आणि न सापडणारी बहुतेक आडनावं जोडआडनावं, मध्ये आडवी रेघ असलेली. जर्मनीत तशी पुष्कळ असतात. कारण होतं ग्लिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीची आवृत्ती २.२८. २०१८ च्या या आवृत्तीत अक्षरक्रमाचे नियम बदलले. आधी ‘११’ हे ‘१-१’ च्या आधी यायचं (इंग्रजी आकड्यांत करून पाहा), नंतर उलटं. इंडेक्स (शोधासाठीची सूची) जुन्या क्रमानं लावलेला आणि शोध नव्या क्रमानं, मग सापडणार कसं? त्याहून वाईट म्हणजे दुबार ओळ अडवणाऱ्या युनिक इंडेक्समध्ये तीच ओळ दुसऱ्यांदा शिरली होती, कारण पहिली त्याला दिसलीच नाही. ॲमचेक या तपासणीच्या साधनानं खराब इंडेक्स शोधले, दुबार ओळी हातानं निवडल्या, मग रीइंडेक्स, म्हणजे इंडेक्स नव्यानं बांधले. पोस्टग्रेस १५ पासून डेटाबेस स्वतःच कोलेशनची (अक्षरक्रमाच्या नियमांची) आवृत्ती लक्षात ठेवतो आणि बदलली तर इशारा देतो. त्या भागातले पॅच मी तेव्हापासून वाचू लागले. तुमच्याकडे जुने सर्व्हर असतील तर निघण्याआधी हे तपासून जा, मागे राहणाऱ्यांवर उपकार होतील.

नावांवरून आठवलं. तुमच्या घरातल्या तिघांची नावं सगळ्या कागदांवर एकसारखी आहेत का, ते आजच बघा. माझ्या शिवाजी विद्यापीठाच्या पदवीवर माहेरचं आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर माझं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. इथल्या अधिकाऱ्याच्या दृष्टीनं त्या दोन बायका. लग्नाचा दाखला, त्याचं शपथेवरच्या अनुवादकाकडून भाषांतर, मग त्या भाषांतरात एक अक्षर वेगळं म्हणून पुन्हा भाषांतर. विमा कार्डावर आणि पगाराच्या कागदावर नवऱ्याचं नाव माझं दुसरं नाव म्हणून चढलं ते आजही तसंच आहे, आणि दवाखान्यात मला कधी कधी नवऱ्याच्या नावानं हाक मारतात. नावाच्या रकान्यांवर मी आयुष्य काढलंय. दोन रकान्यांत माणूस मावत नाही, हे मी टेबल बनवणाऱ्या प्रत्येक पोराला सांगते. आपल्या पद्धतीचं नाव घेऊन येणार असाल तर सगळ्या कागदांच्या दोन-दोन साक्षांकित प्रती आणा.

आता मुलीचं.

आम्ही २०१६ मध्ये आलो तेव्हा मुलगा आठ वर्षांचा होता. म्युनिकपासून फार लांब नसलेल्या एका गावात त्याला तिसरीत घातलं. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, चौथीनंतर मुलांची वाट ठरते: गिम्नाजियम (विद्यापीठाकडे नेणारी शाळा), रेआलशूल (मधली) किंवा मिटेलशूल (व्यवसायशिक्षणाकडे नेणारी). मे महिन्याच्या सुरुवातीला एक प्रमाणपत्र देतात. त्यात तीनच विषयांची सरासरी धरतात, जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास. इथे १ म्हणजे सर्वांत चांगला. गिम्नाजियमला २.३३ पर्यंत, रेआलशूलला २.६६ पर्यंत. म्हणजे तीन श्रेणींची बेरीज सात आली तर गिम्नाजियम, आठ आली तर नाही.

त्याला गणितात १ होता. जर्मनमध्ये ४. परिसर अभ्यासात ३, आणि तो विषय तर पूर्ण जर्मनमध्ये, नद्यांची नावं, अग्निशमन दल, नगरपालिका काय करते. सांगलीत राहिला असता तर कृष्णा-वारणेबद्दल त्यानं पानंच्या पानं लिहिली असती. बेरीज आठ.

बाईंनी शांतपणे सांगितलं की रेआलशूल त्याच्यासाठी योग्य आहे आणि घरी तुम्ही जर्मन बोलायला हवं होतं. घरी आम्ही मराठीच बोलतो. तेव्हाही बोलत होतो, आजही बोलतो, आणि त्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. आमच्या दोघांच्या तेव्हाच्या मोडक्या जर्मननं त्याचं जर्मन सुधारलं नसतं, फक्त त्याची आजी त्याच्यापासून तुटली असती.

जे मला सोसत नाही ते वेगळं आहे. बायर्नच्या शाळा-नियमांतच लिहिलंय की ज्या मुलाची मातृभाषा जर्मन नाही आणि जो पहिलीपासून जर्मन शाळेत नव्हता, त्याला ३.३३ पर्यंत सरासरी असली तरी पात्र ठरवता येतं, जर कमतरता भाषेची असेल आणि ती भरून निघण्यासारखी असेल. ३.३३ म्हणजे बेरीज दहा. माझ्या मुलाची आठ होती. हा नियम त्या बैठकीत कुणीही उच्चारला नाही. वर्षभरानं एका तुर्की आईकडून मला तो कळला, रेआलशूलच्या फाटकाबाहेर. मी घरी येऊन नियमावली काढली, ते वाक्य पुनःपुन्हा वाचलं.

तो आता फाखओबरशूलमध्ये (रेआलशूलनंतरची, उच्च शिक्षणाकडे नेणारी शाळा) आहे, तांत्रिक शाखा, चांगलं चाललंय. इथली व्यवस्था वर चढायच्या वाटा ठेवते हे खरं आहे, आणि त्याला स्वतःला त्या सगळ्याचं काहीच वाटत नाही. ‘आई, सोड ना’ म्हणतो. सगळे म्हणतात, शेवटी झालं ना नीट. झालं. पण दहाव्या वर्षी त्यानं मला विचारलं होतं की मी हुशार नाही का, आणि ते त्याला आता आठवतही नाही. मला आठवतं. सांगलीला माझ्या आईला अजून वाटतं की नातू गिम्नाजियममध्ये शिकला. मी ते दुरुस्त केलेलं नाही. मे महिना आला की शेजारच्या बायका एकमेकींच्या मुलांची सरासरी विचारतात आणि मी घरात जाते. डेटाबेसमधली कुठलीही बिघडलेली गोष्ट मी मुळापर्यंत जाऊन शोधते, कारण सापडलं की जीव शांत होतो. इथे कारण सापडलेलं आहे, तरी होत नाही.

करमतं का, हे तुम्ही दोनदा विचारलंय. पहिल्या हिवाळ्यात नाही करमत. नंतर मराठी मंडळ असतं, गणपती असतो, शेजारी ओळखू लागतात, आणि रविवारी दुकानं बंद असतात त्याचीही सवय होते. माणसं इथेही भेटतात, त्याची काळजी करून निर्णय घेऊ नका. वहिनींच्या नोकरीची मात्र करा. बायर्नच्या सरकारी शाळेत शिक्षिका म्हणून मान्यता मिळवायला फार वरच्या पातळीचं जर्मन लागतं, त्यात वर्षं जातात. हे त्यांना आत्ताच सांगा, विमानात नको.

तर तुमच्यापुढे काय आहे? मुलगी तिसरीत, म्हणजे तुम्ही आलात की चौथी आणि लगेच ते प्रमाणपत्र. शाळा हा इथे प्रत्येक राज्याचा विषय आहे. बर्लिनमध्ये आणि ब्रांडेनबुर्गमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते, म्हणजे मुलीला दोन वर्षं जास्त मिळतात. पात्रोनी हे आपलं लाडकं फेलओव्हरचं साधन बर्लिनच्या झालांडोमध्येच घडलं, तिथे पोस्टग्रेसवाल्यांना काम आहे आणि इंग्रजीवर भागवणाऱ्या कंपन्याही आहेत. म्युनिकवाल्यांना विचारा की बर्लिनहून काम करता येईल का. नाही म्हणाले आणि तरी यायचं ठरलं, तर मुलीला आजपासून जर्मनची शिकवणी लावा आणि पुण्याच्या शाळेकडून गणित-विज्ञानाच्या गुणांचं इंग्रजी पत्र घेऊन या. शाळेत पहिल्याच भेटीत ३.३३ च्या तरतुदीबद्दल विचारा. ‘बघू’ म्हणतील. उत्तर लेखी मागा, न लाजता. नियमातलं ते मूळ वाक्य माझ्याकडे आहे, तुम्हाला पाठवते. छापून सोबत ठेवा.