इम्प्लांट हलतोय? आधी स्क्रू बघा

प्रश्न : खालच्या दाढेचा इम्प्लांट (हाडात बसवलेलं कृत्रिम मूळ) वर्षभरात हलू लागला. काढून लगेच दुसरा बसेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : आधी नेमकं काय हलतंय ते तपासून घ्या. बऱ्याचदा कॅपखालचा, म्हणजे वरच्या कृत्रिम दाताखालचा, स्क्रूच सैल झालेला असतो. टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने पिळणाऱ्या पान्याने) आवळला की काम भागतं. इम्प्लांटच हलत असेल तर त्याने हाड धरलेलं नाही, काढावाच लागतो. उलटा फिरवून काढला की खड्ड्यातलं मऊ, लालसर मांस खरवडून साफ करतात. पू नसेल, हाड शाबूत असेल तर थोडा जाड इम्प्लांट त्याच बैठकीत बसू शकतो. नाहीतर बोन ग्राफ्ट (हाडाची भर) भरून 4 ते 6 महिने थांबायचं, मग सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे). मिश्री मात्र आजच सोडा. निकोटिनने हिरडीचा रक्तपुरवठा घटतो आणि दुसराही सुटायची भीती. जुन्या इम्प्लांटचं कार्ड (त्यावर कंपनीचं नाव असतं) सोबत न्या, कंपनीगणिक स्क्रूची खाच वेगळी असते.