एम.ए. एज्युकेशन करून इंग्लंडच्या शाळेत नोकरी? आधी हे बघा

ताई, तुम्ही साताऱ्यात अनुदानित शाळेत विज्ञान शिकवता, बी.एस्सी. बी.एड. आहात. इंग्लंडला वर्षभराचं एम.ए. एज्युकेशन करायचं, मुलीला बरोबर न्यायचं आणि मग तिथल्याच शाळेत लागायचं, असा तुमचा बेत. फी, आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा वगैरे विद्यापीठाच्या साइटवर मिळेल, ते सोडते.

एम.ए. एज्युकेशन हा शिक्षक घडवणारा कोर्सच नव्हे. त्यात पाठ घ्यायचे नसतात. धोरण, अभ्यासक्रम, संशोधनपद्धती आणि शेवटी प्रबंध, एवढंच. शाळा विचारतात ते क्यूटीएस, म्हणजे इंग्लंडमधला पात्र शिक्षकाचा दर्जा, आणि तो या पदवीने मिळत नाही. तो पीजीसीईसारख्या (तिथलं बी.एड.च म्हणा) प्रशिक्षणातून मिळतो, नाहीतर तिथल्या शिक्षण विभागाकडे थेट अर्ज करून. हा दुसरा रस्ता एजंट सांगत नाहीत, त्यात त्यांचं कमिशन नाही! २०२३ पासून ११ ते १६ वयाच्या मुलांना गणित-विज्ञान शिकवायला पात्र असलेले भारतातले शिक्षक साताऱ्यात बसून हा अर्ज करू शकतात. फी शून्य. पदवी, बी.एड. आणि त्यानंतरचा किमान वर्षभराचा अनुभव लागतो. अनुभवाचा दाखला मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर जोडा. बी.एड.च्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र आधीच काढून ठेवा. अर्ज अडकतात ते अशाच गोष्टींवर.

तरीही एम.ए.च करायचं असेल, तर पैसे कोणाच्या नावावर आहेत ते बघा. व्हिसासाठी दाखवायची रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी, एक दिवसही कमी पडता कामा नये. पीएफ, शेअर धरत नाहीत. मिस्टरांच्या एकट्याच्या खात्यातले पैसेही धरत नाहीत, कारण ते तुमच्याबरोबर अर्जदार नसतात. संयुक्त खातं किंवा शैक्षणिक कर्ज चालतं. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाबरोबर भरायचा आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, पण व्हिसा कोर्सनंतर चार महिने जास्तीचा मिळतो आणि त्याचं अर्धं वर्ष धरतात, म्हणून भरायचे १,१६४.

आठवड्याला २० तास काम करता येतं. तिकडच्या उन्हाळ्यात पूर्णवेळ कमवू, हा हिशेब चुकतो, कारण प्रबंधाचे ते महिने सत्रातच धरतात. प्रबंधासाठी आपल्याच शाळेतली माहिती घेणार असाल, तर विद्यापीठाची नैतिक मंजुरी (संशोधनात कोणाला त्रास होणार नाही ना, हे तपासून देतात ती) मार्चपर्यंत हातात हवी. ती मे महिन्यात आली की इकडे शाळा बंद, जूनच्या मध्याला उघडणार, आणि तिकडे ऑगस्ट-सप्टेंबरात प्रबंध द्यायचा.

मुलीचं म्हणाल, तर स्वखर्चाच्या एम.ए.च्या व्हिसावर तिला नेताच येत नाही. जानेवारी २०२४ पासून ही सोय संशोधनाच्या कोर्सपुरती आणि सरकारी शिष्यवृत्तीवर जाणाऱ्यांपुरतीच उरली आहे. तिथल्या शाळेने नोकरी देऊन तुमचा व्हिसा स्पॉन्सर केला तर ती येऊ शकते. मात्र सगळ्या शाळांकडे तो परवाना नसतो, ब्रिटिश गृहखात्याची यादी तपासा. तिची इयत्ता वयावरून ठरेल, गुणपत्रिकेवरून नाही. अधल्यामधल्या महिन्यात गेलात तर जागा असेल ती शाळा. पुढे जीसीएसईला, म्हणजे तिथल्या दहावी-अकरावीच्या परीक्षेला, गुजराती, पंजाबी, बंगाली, उर्दू घेता येते, मराठी नाही. याचा माझा राग अजून गेलेला नाही.

एकटेपणा? असतो. नोव्हेंबरात चारलाच अंधारतं, तेव्हा जास्त.

आणि नोकरीचा राजीनामा आत्ता देऊ नका. बिनपगारी रजेचा अर्ज करा, संस्थेचा ठराव आणि मंजुरी लेखी घ्या, आवक-जावक क्रमांकासकट. मुख्याध्यापकांचं तोंडी ‘जा हो तुम्ही’ शिक्षणाधिकारी कार्यालयात चालत नाही.