शेवग्याचा पाला, चहापुरता

प्रश्न : परसातल्या शेवग्याचा पाला चहासाठी दर आठवड्याला ओरबाडतो. झाड उघडं पडलंय. काय करू?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : दादा, ओरबाडू नका, साल सोलली जाते. पानं देठासकट कात्रीने कापा; शेंडा आणि निम्म्याहून अधिक पाला झाडावरच राहू द्या. नवी फूट हातभर होईपर्यंत त्या फांदीला सुट्टी. शेंगा उतरल्या की छाटणी करा, म्हणजे फूट खाली, हाताशी येते; कापांवर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा बुरशीरोधक लेप) लावा. शेवग्याचं लाकूड ठिसूळ, चढायचं तर नाहीच! पावसाळ्यात केसाळ अळ्या नाहीत ना, हे बघून पाला तोडा. पाला सावलीत वाळवा. शेंगाही भरपूर हव्यात? मी तर दुसरं झाड लावीन, एक आमटीचं, एक चहाचं. छाटलेली जाड फांदी रोवली तरी जगते.