आई-बाबा पहिल्यांदाच अटलांटिकपार, तेही इकॉनॉमीत: बसवेल का?

तू विचारलंयस की आई ६४ आणि बाबा ६९ वर्षांचे, फोंड्याहून पहिल्यांदाच बॉस्टनला ताईकडे निघालेत, गोव्यातल्या मोपा विमानतळावरून मुंबई-लंडन-बॉस्टन, सगळा प्रवास इकॉनॉमीत. एवढे तास बसवेल का, की उसनवारी करून त्याहून ऐसपैस असलेलं प्रीमियम इकॉनॉमी घ्यावं? तुझ्या वयाची माझी मुलगी आहे, म्हणून अरे-तुरे करते, रागावू नकोस. म्हापशाला शाळेत भूगोल शिकवला, आता निवृत्त आहे. लेक तिकडे असल्यामुळे हीच वाट सात वेळा केली, सातही वेळा मागच्या वर्गात बसून.

बसवेल. माझा काळजीचा मुद्दा वेगळाच आहे. जाताना सगळे तयारी करतात, येतानाची कुणी करत नाही, आणि माणूस मोडतो तो येताना.

आधी जागेचं सांगते. सीट रुंदीला १७ ते १८ इंच. तुझ्या सीटपासून पुढच्या सीटपर्यंतचं अंतर ३० ते ३२ इंच. जन्मभर कदंबाच्या बसने पणजी-फोंडा केलेल्या माणसाला त्या जागेचा धसका बसत नाही, बसतो तो तासांचा. कोकणकन्येत रात्र झाली की बर्थवर पाठ टेकता येते, इथे पाठ उभीच. मुंबई ते लंडन साडेनऊ-दहा तास, मग लंडनला काही तास, मग पुढे समुद्र.

लंडन ते बॉस्टन सुमारे सव्वापाच हजार किलोमीटर. जाताना साडेसात-आठ तास लागतात, येताना सहा-साडेसहा. अंतर तेच, विमानही तेच. वर्गात मी नकाशावर हात फिरवून दाखवायचे: दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, तो जेट प्रवाह. जाताना तो समोरून येतो, येताना पाठीशी असतो. कॅनडातलं गँडर आणि युरोपच्या बाजूचं शॅनविक ही दोन नियंत्रण केंद्रं त्या वाऱ्याचा अंदाज घेऊन समुद्रावरच्या वाटा रोज नव्याने आखतात. त्यामुळे परवा कुणाला ग्रीनलंडचा बर्फ दिसला म्हणून आज तुझ्या आईला दिसेलच असं नाही. मला सातांत दोनदा दिसला.

आता याचा झोपेशी संबंध. जाताना मुंबईहून बरीच विमानं मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे सुटतात. तो टप्पा झोपेचा. लंडनहून दुपारी निघालं की सूर्याच्या मागे धावत असल्यासारखं होतं, दिवस मावळतच नाही. त्या टप्प्यात झोपायचा हट्ट धरू नये. सिनेमा बघावा, जपमाळ ओढावी, शेजाऱ्याशी बोलावं. बॉस्टनला पोचल्यावर रात्री आठ-नऊपर्यंत कसंतरी जागं राहावं. भारत आणि बॉस्टन यांच्या घड्याळात उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक, हिवाळ्यात साडेदहा. ताईला सांग, पहिल्याच संध्याकाळी दहा माणसं जेवायला बोलवू नकोस.

येताना सगळं उलटं. बॉस्टनहून विमान संध्याकाळी-रात्री सुटतं. तासाभराने ट्रॉली येते, जेवण, ताटं उचलणं, दिवे मालवणं यात दीड-दोन तास जातात. उतरायच्या तास-दीड तास आधी परत दिवे, परत न्याहारी. मधे उरतात जेमतेम तीन तास. लंडनला सकाळचे सात वाजलेले असतात तेव्हा बॉस्टनच्या घड्याळात रात्रीचे दोन. वाऱ्याने वाचवलेला तास झोपेतूनच वजा होतो. एवढ्या अर्धवट झोपेवर पुढचे नऊ तास मुंबईपर्यंत बसायचं, आणि मग मोपाचं विमान धरायचं. माझे हे दुसऱ्या खेपेला मुंबईत उतरल्यावर भर विमानतळावर माझ्याशी भांडले, चष्मा कुठे ठेवलास म्हणून. तो त्यांच्या डोळ्यांवर होता.

तिसऱ्या खेपेपासून आम्ही ताटावर बसणंच सोडलं. लेकीच्या घरून जेवून निघायचं, उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं का असेना. विमानात शिरल्या शिरल्या नम्रपणे सांगायचं, जेवायला उठवू नका. डोळ्यांवर पट्टी, कानात बोळे, आणि सीटचा पट्टा पांघरुणाच्या वरून बांधायचा. ही शेवटची गोष्ट आईला दोनदा सांग. पट्टा पांघरुणाखाली असला, की हादरे सुरू झाल्यावर बांधलाय का ते बघायला हवाईसेविका उठवतेच. सरळ पाच तास झोप मिळते. कुणी झोपेची गोळी देईल; घरी कधी न घेतलेली गोळी पहिल्यांदा विमानात घेऊ नये.

सीटचं. पहिल्या खेपेला मी खिडकी मागून घेतली. भूगोलाच्या बाईला खिडकी नको होईल का? बाजूला दोन आडदांड गृहस्थ बसले, ट्रॉली गेल्या गेल्या घोरायला लागले. उठवायचा संकोच. सहा तास मी लघवी धरून, पाय मुडपून बसले, पाणी प्यायला घाबरले. उतरताना पाय इतके सुजले होते की चपला हातात घेऊन इमिग्रेशनच्या रांगेत जायची वेळ आली. खिडकीतून दिसले ते ढग.

तर दोघांनाही वाटेकडची सीट घे. शेजारी-शेजारी बसवायचा मोह टाळ, नाहीतर एकजण मधल्या सीटवर अडकतो. रुंद विमानांत बहुतेक वेळा सी आणि डी या अक्षरांच्या सीट एकाच वाटेच्या दोन बाजूंना येतात, मग मांडणी तीन-चार-तीन असो, तीन-तीन-तीन असो की दोन-चार-दोन. एक सी, एक डी, ओळ एकच. हात लांब केला की गोळ्यांची डबी देता येते आणि उठायला कुणाची परवानगी लागत नाही. सगळ्यात पुढच्या भिंतीजवळची ओळ मोकळी दिसते, पण तिथे ट्रे सीटच्या हातांमध्ये बसवलेला असल्यामुळे सीट अरुंद होते, पिशवी पायाशी ठेवू देत नाहीत, आणि तान्ह्या मुलांचे पाळणे तिथेच लागतात. शेवटच्या ओळीत पाठ मागे जाईल याचा भरवसा नाही, शिवाय संडासाची रांग डोक्यावर. आपत्कालीन दाराजवळची जागा या वयात मिळेल अशी आशा ठेवू नकोस.

हवेबद्दल घरात कुणी सांगत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, पापड डब्यात सादळतात. विमानात आर्द्रता १० ते २० टक्के. गोव्यातला सगळ्यात उंच सोंसोगड हजार-अकराशे मीटरचा, तर केबिनमधल्या हवेचा दाब जवळजवळ त्याच्या दुप्पट उंचीवर असतो तेवढा, म्हणजे सहा ते आठ हजार फुटांवरचा. नाक-घसा कोरडा पडतो, आणि पोटातला वायू पावपटीने तरी फुगतो. म्हणून निघताना वाटेत म्हापशाला थांबून पातळभाजी-पाव खायचा कार्यक्रम बाबांनी आखला असेल तर तो रद्द कर. परत आल्यावर खा म्हणावं.

पायांचं गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं की चार तासांहून जास्त बसून प्रवास केला की शिरेत गुठळी व्हायचा धोका साधारण दुपटीने वाढतो. घाबरू नकोस, निरोगी माणसात तो मुळात ६,००० प्रवासांत एखादा इतकाच आहे. पण पूर्वी गुठळी झालेली, अलीकडे शस्त्रक्रिया झालेली, कर्करोगाचे उपचार किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू असलेली किंवा पायाच्या शिरा फुगलेली व्यक्ती असेल तर तिकिटाआधी डॉक्टरांना विचार. दाब देणारे मोजेसुद्धा त्यांना विचारूनच. माप सकाळी, सूज नसताना घ्यायचं. बाकी दर दीड-दोन तासांनी मागच्या पॅन्ट्रीपर्यंत एक फेरी आणि बसल्या बसल्या घोटे फिरवणं. बूट-चपला अंमळ सैल. स्वेटर आपल्याकडे कपाटात डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीला असतो, तो बाहेर काढ. खिडकीबाहेर उणे पन्नास अंश आणि आत गोवेकरांना न मानवणारी थंडी.

संडासात पाणी नसतं, कागद असतो. हे आईला आधीच सांग, तिथे गेल्यावर कळू देऊ नकोस. एक छोटी रिकामी बाटली पिशवीत असू दे, सुरक्षा तपासणीनंतर भरून घ्यायची. लंडनला परत तपासणी होते, तेव्हा ती रिकामी करावी लागली तर पुढे परत भरून घ्या.

जेवण तिकिटासोबतच सांगून ठेव, निदान २४ तास आधी. काहींना ४८ लागतात. इथे एक गंमत आहे. यादीत ‘हिंदू मील’ दिसतं, एचएनएमएल, आणि आपली माणसं ते शाकाहारी समजून निवडतात. त्यात कोंबडी किंवा मासळी येऊ शकते. शाकाहारी हवं असेल तर ‘एशियन व्हेजिटेरियन’, एव्हीएमएल. आमच्या घरी सोमवार-गुरुवार मासे वर्ज्य, बाकी दिवस हुमण; त्यामुळे प्रवास कुठल्या वारी येतो हे आम्ही तिकिटाच्या भावाआधी बघतो. चव तशीही लागत नाही, कोरडी हवा आणि इंजिनाचा आवाज यांत गोड आणि खारट बोथट होतं. मांडवी एक्सप्रेसच्या ट्रेची आठवण काढून रडण्यापेक्षा डब्यात चिवडा आणि लिंबाचं गोड लोणचं न्यावं.

मात्र ते अमेरिकेत उतरण्याआधी संपवा, नाहीतर फॉर्मवर किंवा तोंडी सांगून टाका. ताजी फळं नाहीत. विमानात दिलेलं सफरचंदसुद्धा पर्समध्ये राहिलं तर दंड होऊ शकतो. मानकुराद आंब्याचा हट्ट सोडा. शेजारीण भावासाठी चोरिस न्यायला निघाली होती, तिला मी अडवलं, मांस चालत नाही. भाजलेले काजू खुशाल न्या. कोकमाच्या आगळाची बाटली चेक-इनच्या बॅगेत, झाकणाला चिकटपट्टी आणि वर दोन पिशव्या. सुकं खोबरं चेक-इनमध्ये मुळीच घालू नका, तेलामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंत मोडतं आणि बॅग बाजूला काढतात. पॉवर बँक उलट, ती हातातल्या पिशवीतच, १०० वॉट-अवरच्या आत. नेहमीची वीस हजारवाली ७४ च्या आसपास भरते. आणि रक्तदाबाच्या गोळ्या, चिठ्ठीसकट, हातातल्या पिशवीत. बॅग हरवते, रक्तदाब हरवत नाही.

तिकीट मोपापासून बॉस्टनपर्यंत एकाच पीएनआरवर घे, दोन हजार जास्त पडले तरी. चौथ्या खेपेला मी स्वस्त म्हणून मोपा-मुंबई वेगळं काढलं. ते विमान तीन तास उशिरा आलं, बॅगा स्वतः घेऊन सांताक्रूझच्या टर्मिनलवरून सहारच्या टर्मिनलला पळावं लागलं, आणि पुढच्या विमानाच्या काउंटरवर सांगितलं की आधीच्या तिकिटाशी आमचा संबंध नाही. तांत्रिकदृष्ट्या त्यांचं बरोबर होतं. नवीन तिकिटाचे पैसे मी आजही मोजते. मोपाला निघतानाही पर्वरीचा खोळंबा धरूनच निघा.

व्हीलचेअर मागावी का, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण विचारशील. गुडघे खरंच दुखत असतील तर निःसंकोच, तिकीट काढतानाच. इंग्रजीची भीती म्हणून मागू नये असं माझं मत. लंडनला चालायला मिळतं तेच पायांचं औषध, आणि ज्याला खरी गरज आहे त्याची खुर्ची अडते. त्यापेक्षा एका कागदावर मोठ्या अक्षरांत विमान क्रमांक, ताईचा पत्ता आणि फोन इंग्रजीत लिहून दोघांच्या खिशात ठेव. मी दोघांच्या म्हटलं.

आता प्रीमियम. पायाला पाच-सात इंच आणि रुंदीला इंचभर जास्त मिळतं, पैसे पुष्कळदा दुप्पट. उसनवारी करून मुळीच नको. पण निघायच्या आदल्या दिवशी एखाद्याच टप्प्यासाठी स्वस्तात देऊ केलं, तर ते येतानाच्या बॉस्टन-लंडन रात्रीसाठी घे, जातानासाठी नाही.

तिकीट झालं की विमानाचा प्रकार इथे लिही, ओळ कुठली घ्यायची ते सांगते. आणि वार कोणता आहे तेही.