कॅटिडिड : नाकतोडा की रातकिडा?

अमेरिकेतल्या झाडाझुडपांवरच्या लेखाचा अनुवाद करताना ‘बुश कॅटिडिड’ या झुडपी किड्याला रातकिडा म्हणावं की नाकतोडा, असा प्रश्न आला आहे. माझं मत नाकतोड्याच्या बाजूनं, पण ‘लांब मिशांचा नाकतोडा’ असं म्हणून.

रातकिडा म्हणावंसं वाटतं ते आवाजामुळे. दोघेही पुढचे पंख एकमेकांवर घासून गातात, आणि कुळाच्या हिशेबानंही कॅटिडिड रातकिड्यालाच जवळचा. पण मराठी माणसाच्या डोळ्यापुढचा रातकिडा म्हणजे काळपट, चपटा, दगडाखाली दडणारा. कॅटिडिड हिरवागार, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखा, पंख कौलारू छपरासारखे उतरते. त्याला रातकिडा म्हटलं की चित्रच बदलतं.

नुसतं ‘नाकतोडा’ही पुरत नाही, कारण गवतातून टुणकन उडणारा, आखूड मिशांचा टोळाचा भाऊबंदही आपल्याकडे नाकतोडाच. गेल्या पावसाळ्यात आमच्या ओसरीतल्या दिव्याखाली झुडपी जातीचाच एक येऊन बसला होता. केसासारख्या बारीक मिशा अंगापेक्षा लांब, एक पुढे तर दुसरी मागे फिरत होती. पंखांवर पानासारख्या शिरा. आणि पुढच्या पायावर, गुडघ्याच्या जरा खाली, लांबट खाच : तो त्याचा कान! टोळांचा कान पोटाच्या बाजूला असतो.

अमेरिकेतल्या बुश कॅटिडिडांची प्रजाती ‘स्कडेरिया’. कीटकशास्त्रज्ञ सॅम्युअल स्कडर (1837–1911) यांच्यावरून हे नाव पडलं. त्यांच्यातल्या दुभंगलेल्या शेपटीच्या जातीची मादी पानाची कड कुरतडते आणि पानाच्या वरच्या-खालच्या पापुद्र्यांमध्ये चपटी अंडी सरकवते. नर थांबून थांबून हलकेच आवाज देतो, मादी बारीकशी ‘टिक’ करून उत्तर देते, आणि त्या उत्तराच्या रोखानं तो सरकत जातो. म्हणून अनुवादात इथे ‘किरकिर’ लिहू नका; किरकिर अखंड असते.

‘कॅटिडिड’ हे नाव मात्र तिथल्याच दुसऱ्या एका जातीच्या आवाजावरून पडलं. लोकांना त्यात ‘केटी डिड, केटी डिडन्ट’ ऐकू आलं, म्हणजे केटीनं केलं, नाही केलं. लेखात या नावाची गोष्ट असेल तर तेवढ्यापुरता मूळ शब्दच ठेवा. आपल्या कानांनी अशा आवाजांतून ‘किर्र’ उचललं, पण ते किड्याला न देता रानाला आणि काळोखाला दिलं : किर्र रान, किर्र अंधार.